फायबरच्या बोटीतील पेट्रोलची टाकी झिरपते आहे : दुरुस्ती करावी की नवी बसवावी?

कुंडलिकाकाठ

नमस्कार. रेवदंड्याच्या खाडीत आमची २४ फुटी फायबरची बोट आहे. तिला ११५ अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन आहे आणि साधारण दीडशे लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी डेकच्या खाली कायमची बसवलेली आहे. बोट बांधतानाच टाकीच्या चारही बाजूंनी फोम ओतलेला असल्यामुळे वरच्या झाकणातून टाकीचा माथा, इंधनमापकाची चकती आणि नळ्यांच्या जोडण्या एवढेच काय ते दिसते.

गेल्या काही आठवड्यांपासून सकाळी मागचे झाकण उघडले की पेट्रोलचा वास येतो, आणि तळातले पाणी पंपाने बाहेर टाकले की खाडीच्या पाण्यावर रंगीत तवंग पसरतो. एक गोष्ट लक्षात आली आहे ती अशी, की टाकी काठोकाठ भरलेली असताना वास वाढतो आणि ती निम्म्याच्या खाली उतरली की जवळजवळ नाहीसा होतो. बोट घरच्या वापराची आहे, प्रवासी वाहतुकीची नाही.

प्रश्न असे आहेत. गळती टाकीचीच आहे हे डेक न कापता कसे ठरवावे? टाकीच फुटली असेल, तर ती दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? आणि नवी करायची झाल्यास कोणत्या धातूची करावी? बंदरावर विचारले, तर जितकी माणसे तितकी मते मिळाली, म्हणून येथे विचारतो आहे.

वंगणवाला

कारण शोधण्याआधी बोट सुरक्षित करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते, त्यामुळे ती वर उडून जात नाही, तर बोटीच्या तळात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले, की एक ठिणगी पुरते, आणि तळातला पंप, त्याचा तरंगणारा स्विच, बॅटरीचे बटण ही सगळी ठिणगीचीच ठिकाणे आहेत. म्हणून प्रथम सर्व झाकणे उघडून बोट वाऱ्याला भरपूर वेळ मोकळी ठेवावी आणि वास पूर्ण गेल्यानंतरच बॅटरीची तार काढावी. वास असताना घाईने बॅटरीचा स्विच बंद करायला जाणे हे सुद्धा ठिणगी पाडण्यासारखेच आहे. नाकावर फार विश्वास ठेवू नये, कारण काही वेळाने नाक वासाला सरावते. भाड्याने गॅस डिटेक्टर मिळाला, तर अवश्य घ्यावा.

तळातला पंप तर आता मुळीच चालवू नये. तवंगावर भांड्याच्या साबणाचे पाणी ओतून तो नाहीसा करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, परंतु त्याने पेट्रोल नाहीसे होत नाही, फक्त पाण्यात मिसळते आणि माशांच्या पोटात जाते. शोषून घेणारी पॅडे किंवा जुनी गोणपाटे तळात टाकून ते टिपून काढावे.

सुकाणू_डावे

तुम्ही दिलेली खूण महत्त्वाची आहे. तळाला छिद्र असते, तर टाकीत चार लिटर असतानाही गळती झाली असती. पातळी निम्म्याच्या वर गेल्यावरच वास येतो, याचा अर्थ दोष वरच्या अर्ध्या भागात आहे. त्यामुळे टाकीला दोष देण्याआधी तिच्या माथ्यावरच्या तीन जागा तपासाव्यात : इंधनमापकाच्या चकतीखालचे गॅस्केट, भरण्याची जाड नळी आणि हवा जाण्याची बारीक नळी. भरण्याच्या नळीत जेथे झोळ पडतो, तेथे पेट्रोल कायम साचून राहते आणि तेथेच ती आतून पोखरते. आता पंपांवर सर्वसाधारणपणे मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या रबराच्या नळ्या व बुचाची गॅस्केटे त्याला टिकत नाहीत. नळी कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून, त्या फडक्याचा वास घ्यावा. फडक्याला वास आला, तर नळी बाहेरून कोरडी दिसत असली तरी बदलावी.

तरीचा_पाडा

गळणाऱ्या जागी कपडे धुण्याचा साबण घासून वर एम-सील लावले की झाले. आमच्याकडे मोटारसायकलींपासून होड्यांपर्यंत सगळ्यांच्या टाक्या असेच करून वर्षानुवर्षे चालल्या आहेत. एवढ्यासाठी डेक कापणे म्हणजे उंदीर मारायला घर जाळण्यासारखे आहे.

वंगणवाला

तरीचा_पाडा, साबणाचा उपाय खरा आहे, कारण पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. परंतु तो बोट किनाऱ्यापर्यंत आणण्यापुरता आहे. मोटारसायकलची टाकी उघड्यावर असते, गळले तर रस्त्यावर गळते आणि वारा वाफ घेऊन जातो. येथे टाकी बंद पोटात आहे आणि गळती दिसतच नाही. शिवाय साबण घासायला ती जागा हाताला लागायला हवी, आणि येथे तिच्याभोवती फोम आहे.

अ‍ॅनापोलिसहून

मी येथे अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी राहतो आणि उन्हाळ्यात एका बोटींच्या यार्डात काम करतो, त्यामुळे फोममध्ये बुडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या नेहमी पाहण्यात येतात. डेक कापण्याआधी दाबाची चाचणी करावी. तिला महागडे साहित्य लागत नाही.

टाकी पूर्ण रिकामी करावी व हवेशीर ठेवावी. इंजिनाकडे जाणारी नळी आणि भरण्याची नळी टाकीच्या तोंडाशीच बंद करावी. हवेच्या नळीच्या तोंडाला एक तिहेरी जोड लावून त्याच्या एका फाट्याला सायकलचा हातपंप जोडावा आणि दुसऱ्याला पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी. ही नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात उभी टांगून तिच्यात रंगीत पाणी भरावे व दुसरे टोक उघडे ठेवावे. हळूहळू हवा भरल्यावर नळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळ्यांत एक मीटर फरक पडला, की टाकीत साधारण ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब झाला असे समजावे. गळती शोधायला तेवढा पुरतो. अमेरिकेत नव्या टाकीसाठी ३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाची चाचणी घेतात, म्हणजे साधारण २.१ मीटर पाणी. उघड्या टोकाचा फायदा असा की दाब जास्त झाला तर पाणी बाहेर उडते आणि टाकी वाचते.

कॉम्प्रेसर मात्र जवळही आणू नये. एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशा सपाट पत्र्यावर ३ पीएसआय दाबाने सुमारे एक टन भार पडतो. कॉम्प्रेसरच्या सात-आठ किलो दाबाने त्या पत्र्याचे काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

चाचणी पहाटे किंवा सावलीत करावी. टाकीतली हवा एक अंश सेल्सिअसने तापली, तरी पाण्याची पातळी साधारण साडेतीन सेंटिमीटर चढते, आणि ढग आला की उतरते. उन्हात चाचणी घेऊन चांगली टाकी गळकी ठरवणारे आणि गळकी टाकी चांगली ठरवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत.

कुंडलिकाकाठ

सर्वांचे आभार. टाकी रिकामी करताना पेट्रोल कॅनमध्ये काढावे लागले. ते घरी साठवून ठेवण्याबद्दल काही नियम आहेत का?

कायदेकानू

आहेत. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार पेट्रोल हे ‘अ’ वर्गात येते, आणि विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या पात्रात. त्याहून अधिक घरात ठेवू नये. चांगले पेट्रोल गाडीत वापरून टाकावे. तळाचे शेवटचे काही लिटर मात्र आधी पारदर्शक बाटलीत ओतून पाहावे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की त्याच्यासह वेगळे होऊन खाली बसते. बाटलीत दोन थर दिसले, तर वरचा थरही इंजिनात घालू नये, कारण इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो.

बोट अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली येत असेल, तर सर्वेक्षणाचा प्रश्नही येतो. घरच्या बोटीबाबतही नोंदणी जेथे आहे, त्या मेरीटाइम बोर्डाच्या कार्यालयात टाकी बदलण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे. विम्याच्या दाव्याच्या वेळी तो कागद उपयोगी पडतो.

कुंडलिकाकाठ

चाचणी केली. सकाळी उजाडायच्या सुमारास, बोट शेडमध्ये असताना. पाण्याचा फरक एक मीटरवर नेला, तर तो थोड्या वेळात डोळ्यांदेखत उतरू लागला. माथ्यावरच्या सर्व जोडण्यांवर आणि चकतीच्या कडेने साबणाचे पाणी ब्रशने लावले, पण कोठेही बुडबुडे आले नाहीत. मग सर्वांनी शांत राहून कान लावला, तेव्हा टाकीच्या मागच्या बाजूला, जेथे फोमची वरची कड आणि टाकी यांच्यामध्ये बोटभर फट आहे, तेथून बारीक सुस्कारा ऐकू आला. त्या फटीत साबणाचे पाणी ओतले आणि फेस वर आला. म्हणजे टाकीच गेली आहे.

येथील एका वर्कशॉपमध्ये ‘टाकी बाहेर काढून आणा, पाण्याने धुऊन आर्गन वेल्डिंगने भोक भरून देतो’ असे सांगितले आहे. खर्च नव्या टाकीच्या मानाने फारच कमी आहे. काय करावे?

वंगणवाला

करू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते आणि रिकामीत जागाच जागा असते. एकदा पाण्याने धुतल्याने, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत बसवलेल्या आडव्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांतले आणि गाळाखालचे पेट्रोल जात नाही, आणि वेल्डिंगची उष्णता लागली की तेच वाफ होऊन बाहेर येते. अशा टाकीचे काम वाफेने स्वच्छ करून, आत अक्रिय वायू भरून, मीटरने मोजून करणाऱ्या ठिकाणीच व्हायला हवे. ‘धुऊन देतो’ एवढ्या बोलीवर कोणाच्या जिवाची जोखीम घेऊ नये.

अ‍ॅनापोलिसहून

सुरक्षेचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी त्या दुरुस्तीत अर्थ नाही. अ‍ॅल्युमिनियम स्वतःवर ऑक्साइडचा पातळ थर धरते आणि त्या थरामुळेच टिकते. त्या थराला हवेतला प्राणवायू लागतो. ओला फोम, ओले लाकूड किंवा गालिच्याचा तुकडा पत्र्याला चिकटून राहिला, तर मधल्या खारट पाण्यातला प्राणवायू संपतो, थर पुन्हा तयार होत नाही आणि पत्रा खड्ड्याखड्ड्यांनी आत खात जातो. तुमच्या टाकीत ज्या रेषेवर पाणी साचत होते, त्या संपूर्ण रेषेवर असे खड्डे असणार, आणि सध्या त्यांतला एकच आरपार गेला आहे. तो भरला, तर शेजारचा पुढच्या हंगामात फुटेल. टाकीच्या आत ओतून लावायच्या सीलंटबद्दलही तेच म्हणतो. जुन्या मोटारसायकलसाठी ते ठीक आहे, पण बोटीत त्याची सालपटे सुटून समुद्रात असताना फिल्टर बंद करतात.

डेक कापताना गोल करवतीचे पाते पूर्ण खोलीवर लावू नये. फायबर जेवढे जाड आहे, तेवढेच पाते बाहेर ठेवावे आणि शक्यतो हवेवर चालणारे अवजार किंवा हातकरवत वापरावी. टाकी तेव्हा रिकामी, हवा खेळलेली आणि मीटरने तपासलेली असावी. फोम निघताना पेट्रोलने भिजलेले तुकडे निघतील. ते उघड्यावर, आगीपासून दूर वाळवावेत, आणि कोणी शेकोटीसाठी नेणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

दाभोळी_ट्रॉलर

आमची मासेमारीची नौका डिझेलवर चालते. लोखंडी टाकी आहे, आणि ती नेहमी आतून, तळाला गंजते. डिझेलखाली साचणारे पाणी हे त्याचे कारण. म्हणून टाकीच्या सर्वांत खालच्या जागी कॉक ठेवून पाणी नियमित काढतो आणि पावसाळी बंदीत नौका उभी करताना टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत हवा कमी राहते व दव कमी धरते. कोणी जस्ताचा मुलामा दिलेली टाकी सुचवली, तर डिझेलसाठी घेऊ नये, कारण जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन चिकट साका तयार होतो. आणि डिझेल पेटत नाही असेही समजू नये. आपल्याकडच्या गाड्यांच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश असावा एवढीच अट आहे, आणि मे महिन्यात इंजिनाच्या खोलीत त्याहून जास्त तापते.

तुम्हीही टाकीला खाली एक कॉक ठेवावा, असे सुचवतो.

अ‍ॅनापोलिसहून

दाभोळी_ट्रॉलर यांची डिझेलची माहिती अगदी बरोबर आहे, पण पेट्रोलच्या टाकीला खाली कॉक मुळीच नको. येथील अमेरिकी नियमांनुसार पेट्रोलच्या टाकीची सर्व तोंडे तिच्या माथ्यावरच असावी लागतात, म्हणजे एखादी जोडणी सैल झाली तरी सगळी टाकी तळात रिकामी होणार नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडाला सायफन रोखणारी, म्हणजे नळी तुटली तर पेट्रोल आपोआप ओढले जाऊ न देणारी झडप असावी, हेही त्याच कारणासाठी.

सुकाणू_डावे

आता धातूचा प्रश्न. स्टेनलेस स्टीलची टाकी करावी असे पुष्कळांना वाटते, कारण ती चकचकीत दिसते आणि कोणताही फॅब्रिकेटर करून देतो. परंतु साधे ३०४ ग्रेडचे स्टील खाऱ्या साचलेल्या पाण्यात वेल्डच्या कडेने आणि फटीत खड्डे पडून फुटते, आणि वरून चमकत असल्याने कळतही नाही. फायबरची टाकी नवी बांधून घेण्याच्या भानगडीत पडू नये, कारण साध्या पॉलिएस्टर रेझिनला इथेनॉल मऊ करते.

प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिइथिलीनची साच्यातली टाकी गंजाच्या बाबतीत निश्चिंत असते. मात्र ती ठराविक मापांतच मिळते, आणि पहिल्यांदा पेट्रोल भरल्यावर साधारण दोन टक्के फुगते. म्हणून तिच्या भोवती मोकळी जागा ठेवावी लागते आणि ती पक्की आवळून न बसवता पट्ट्यांनी धरावी लागते. तुमच्या बोटीत तळाला बळकटी देणाऱ्या दोन लांब आधारपट्ट्यांच्या मधली जागा ठरलेली असल्याने त्या मापाची मिळणे कठीण दिसते. त्यामुळे पुन्हा अ‍ॅल्युमिनियमच, पण नीट बसवलेले, असे माझे मत आहे. पत्रा ५०८३ किंवा ५०५२ ग्रेडचा मरीन असावा. खिडक्यांच्या चौकटींचा ६०६३ दाखवला, तर नको म्हणावे.

अ‍ॅनापोलिसहून

सहमत. जुनी टाकी फुटली ती धातू वाईट होता म्हणून नव्हे, बसवणी वाईट होती म्हणून. म्हणून बसवणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

नवी टाकी जुन्यापेक्षा चारही बाजूंनी थोडी लहान करावी, म्हणजे भोवती हवा खेळेल. दहा-पंधरा लिटर कमी मावले तरी चालेल. जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी नको. माथा सपाट न करता किंचित उताराचा करता आला, तर पाणी साचत नाही. टाकीखाली रबर, गालिचा, लाकूड यांपैकी काहीही ठेवू नये. कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्या पॉलियुरेथेन सीलंटने टाकीच्या तळाला अशा चिकटवाव्यात, की पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी शिरायला केसाइतकीही फट राहणार नाही. टाकी ज्या खळग्यात बसते, तेथून मागच्या तळाकडे पाणी वाहून जाईल अशी वाट हवी. तुमच्या बोटीत ती वाट फोमने बुजवलेली असण्याची दाट शक्यता आहे.

पितळेची जोडणी थेट अ‍ॅल्युमिनियमवर बसवू नये, खाऱ्या हवेत दोन धातूंच्या मधल्या प्रवाहाने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. भरण्याच्या नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा लावाव्यात. डेकवरची धातूची भरण्याची चकती आणि टाकी यांना जोडणारी तार अवश्य असावी, कारण मधली नळी रबरी आहे आणि पेट्रोल ओतताना तयार होणाऱ्या स्थिर विजेला वाट हवी. रंग एपॉक्सीचा चढवावा, पण दाबाची चाचणी रंगाच्या आधी घ्यावी, कारण रंग टाचणीएवढे छिद्र काही महिन्यांपुरते झाकतो.

कुंडलिकाकाठ

काम संपत आले आहे, म्हणून कळवतो.

डेक कापून टाकी काढली. फोम वरून कोरडा वाटत होता, पण खालचा भाग हाताने पिळला तर पाणी निथळत होते. टाकीच्या मागच्या उभ्या बाजूवर, तळापासून अर्ध्याहून थोडे वर, फोमची कड जेथे संपत होती तेथे दोन बोटे रुंदीचा पांढऱ्या भुकटीचा पट्टा होता. भुकटी लाकडी पट्टीने खरवडली, तेव्हा खाली खड्ड्यांची रांग निघाली. आरपार गेलेले छिद्र टाचणीच्या टोकाएवढे होते, पण त्याच्या शेजारच्या खड्ड्यांत दाभण टोचले तर ते सहज आत गेले. वेल्डिंगवाल्याचा विचार तेथेच संपला. पाण्याची वाट खरोखरच फोमने बुजलेली होती.

नवी टाकी ५०८३ च्या ४ मिलिमीटर पत्र्याची करून घेतली. फॅब्रिकेटरने चाचणीचा दाब कॉम्प्रेसरने द्यायची तयारी केली होती, त्याला येथील एक टनाचा हिशेब दाखवल्यावर तो हातपंपावर राजी झाला. एका कोपऱ्याच्या वेल्डमध्ये बुडबुडे आले, ते त्याने पुन्हा भरून दिले. कापलेला डेकचा तुकडा आता कायमचा न चिकटवता रबरी गॅस्केट व स्क्रूंनी झाकणासारखा बसवतो आहे.

एक अडचण आहे. इंधनमापकाच्या चकतीला पाच छिद्रे आहेत आणि नव्या टाकीच्या कडीलाही पाचच आहेत, पण कशीही ठेवली तरी चारच जुळतात. पाचव्यासाठी नवे छिद्र पाडावे का?

सुकाणू_डावे

पाडू नये. त्या पाच छिद्रांतली अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात, म्हणजे मापक एकाच दिशेने बसावा आणि त्याच्या तरंग्याचा दांडा आतल्या पट्टीला अडकू नये. चकती एकेक छिद्र पुढे सरकवत पूर्ण फिरवून पाहावी. कोठेच पाचही जुळली नाहीत, तर चकती उलटी धरली आहे का ते पाहावे, आणि तेही नसेल तर फॅब्रिकेटरने कडी उलटी वेल्ड केली आहे. तसे असल्यास तीच बदलून घ्यावी लागेल, आणि पेट्रोल भरण्याआधी ते लक्षात आले हे बरेच झाले. गॅस्केट बुचाचे न घेता व्हिटॉनचे, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावे.

कुंडलिकाकाठ

कडीच उलटी वेल्ड झाली आहे. टाकीत अजून पेट्रोलचा थेंबही गेलेला नसल्याने ती उद्या पुन्हा वर्कशॉपमध्ये नेतो आहे. कडी बदलल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी का?

अ‍ॅनापोलिसहून

हो, पूर्ण टाकीची. त्यानंतर बोटीत बसवल्यावर नळ्यांसह आणखी एकदा घ्यावी. पहिले पेट्रोल पाव टाकीच भरावे, रात्रभर झाकणे उघडी ठेवून सकाळी खळग्यात कोरडे फडके फिरवून पाहावे, आणि मगच काठापर्यंत भरून तोच प्रकार पुन्हा करावा. झाकण बसवण्याची घाई करू नये, स्क्रू त्यानंतर.